गुलाबी फेट्यातल्या बाबूला राहू द्या

मामा फोर्टात एका बँकेत नोकरीला होते. पगार झाला की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकांच्या ढिगापाशी थांबायचे आणि एखादं जुनं इंग्रजी पेपरबॅक काखोटीला मारून गिरगावातल्या खोलीवर यायचे. त्यातलंच डेनिस व्हीटली या इंग्रज कादंबरीकाराचं ‘द डेव्हिल राइड्स आउट’ मी अकरावीत असताना त्यांच्या ट्रंकेतून काढलं. सगळी चाळ झोपली तरी माझा दिवा चालू होता. जमिनीवर आखलेल्या वर्तुळात चार माणसं रात्र काढतात. दिवे मंद होत जातात. बाहेर गेलेल्या मित्राच्या आवाजात कुणीतरी दार उघडायला सांगतं. ते प्रकरण वाचताना तहान लागली, तरी माठापर्यंत जायची माझी हिंमत झाली नाही.

पण त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीच्या पानांत, मी एकदा अडखळले होते. लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातल्या एका घरी मेजवानी चालली आहे. कादंबरीचा नायक ड्यूक द रिशलो आणि त्याचा अमेरिकन मित्र रेक्स तिथे न बोलावता जाऊन थडकतात. जमलेल्या पाहुण्यांवरून नजर फिरताच त्यांना कळतं की इथे काहीतरी अभद्र आहे. कशावरून कळतं? तिथे मँडरिनच्या पोशाखातला एक चिनी आहे. एकाच हाताचा एक युरेशियन आहे. फाटक्या ओठाचा एक जर्मन आहे. आणि गुलाबी फेटा नि तसलाच झगा घातलेला, लठ्ठ, तेलकट असा एक हिंदुस्थानी बाबू आहे. बाबूला नाव नाही. तो तिथे आहे आणि तो तसा दिसतो, एवढ्यावर वाचकानं ओळखायचं की हे घर सैतानाच्या ताब्यात गेलं आहे.

त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीची एक उभी रेघ होती. मामांनी ओढलेली. मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “गोष्ट वाच, मजा घे. पण लिहिणारा आपल्याला कुठे बसवतोय, तेवढं बघून ठेव.”

मामांची ती रेघ आज आठवण्याचं कारण इंग्लंडमध्ये गेली काही वर्षं चाललेला एक वाद आहे. जुन्या लोकप्रिय पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढताना त्यांतली वंशाबद्दलची, रंगाबद्दलची, शरीराबद्दलची बोचरी वाक्यं काढून टाकावीत की नाही? फेब्रुवारी २०२३मध्ये रोआल्ड डालच्या बालपुस्तकांत प्रकाशकांनी शेकडो ठिकाणी शब्द बदलल्याचं उघड झालं. ओरड झाल्यावर पफिननं जाहीर केलं की मूळ संहिताही विक्रीला ठेवू. त्याच वर्षी इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँडच्या पुस्तकांतूनही काही वर्णनं गाळून नव्या आवृत्त्या आल्या. त्यानंतर गुप्तहेरकथा, साहसकथा, भयकथा लिहिणाऱ्या त्या सगळ्या पिढीवरच हा प्रश्न येऊन ठेपला. व्हीटली त्या पिढीतला मोठा मोहरा. २०१३पासून ब्लूम्सबरीनं त्याची पुस्तकं ई-बुकांच्या रूपानं पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे आता तो फुटपाथवर शोधावा लागत नाही. फोनवर सापडतो. माझ्या भाचीला तो तसाच सापडला.

माझं मत पहिल्यांदाच सांगते. व्हीटलीच्या पुस्तकातली एकही ओळ काढू नये. ती ओळ निरुपद्रवी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ती ओळ म्हणजेच त्याच्या भीतीची मूस आहे. मूस फेकून दिली आणि तिच्यात ओतलेला सैतान तेवढा पुढच्या वाचकाच्या हातात दिला, तर आपण त्या वाचकाला फसवतो.

व्हीटलीचा जन्म ८ जानेवारी १८९७चा, दक्षिण लंडनमधला. घरचा धंदा उंची दारूचा, दुकान मेफेअरमध्ये. शाळेतून काढून टाकलेला मुलगा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, विषारी वायूनं फुप्फुसं पोळून परत आला. वडिलांमागे दुकान हातात घेतलं आणि ते चांगलं चालवलंही. त्याच्या गिऱ्हाइकांत सरदार होते, राजघराण्यातले होते. मग मंदी आली आणि दुकान हातचं गेलं. पस्तिशीला आलेला, कर्जात बुडालेला माणूस बायकोच्या सांगण्यावरून कादंबरी लिहायला बसला. ‘द फॉरबिडन टेरिटरी’ जानेवारी १९३३मध्ये आली आणि सात आठवड्यांत सात वेळा छापावी लागली. पुढच्याच वर्षी ‘द डेव्हिल राइड्स आउट’ आली. १९७७मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या नावावर साठहून अधिक पुस्तकं होती. साठच्या दशकात त्याच्या पुस्तकांच्या वर्षाला दहा लाखांच्या आसपास प्रती खपत. १९६८मध्ये हॅमर कंपनीनं त्या पहिल्या सैतानकथेवर सिनेमा काढला, त्यात क्रिस्टोफर ली ड्यूक झाला होता.

हा धंदा गमावलेला माणूस लक्षात ठेवायला हवा. त्याचा ड्यूक उत्तम सिगार ओढतो, दुर्मिळ दारू चाखतो, त्याचं घर जुन्या वस्तूंनी भरलेलं आहे. व्हीटली ज्या दुनियेला बाटल्या पुरवायचा, ती दुनिया त्यानं कागदावर पुन्हा उभी केली आणि तिच्यातल्या माणसांना नायक केलं. मंदीत होरपळलेल्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या इंग्रज वाचकाला साडेसात शिलिंगांच्या पुस्तकात त्या दिवाणखान्यात बसायला मिळायचं. त्यात वाईट काही नाही. आपल्याकडच्या रहस्यकथांतही बंगले, मोटारी आणि सिल्कचे गाऊन कमी नव्हते. प्रश्न पुढचा आहे. त्या दिवाणखान्याला धोका कुणापासून आहे?

इथे व्हीटलीचं उत्तर आयुष्यभर एकच राहिलं. धोका खालून येतो आणि बाहेरून येतो. संप करणाऱ्यांकडून, समाजवाद्यांकडून, परक्या वंशाच्या माणसांकडून.

नोव्हेंबर १९४७मध्ये त्यानं भावी पिढ्यांसाठी एक पत्र लिहिलं आणि लिमिंग्टनच्या आपल्या घराच्या बागेत पुरून ठेवलं. इंग्लंडमध्ये तेव्हा ॲटलींचं मजूर सरकार होतं. कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या होत्या, सर्वांना मोफत वैद्यकीय सेवा देणारी व्यवस्था काही महिन्यांवर आली होती. तीन महिन्यांपूर्वी हिंदुस्थान हातातून गेला होता. पत्रात व्हीटली म्हणतो की सगळी माणसं समान हे तत्त्वच खोटं आणि घातक आहे, आणि अशी राजवट बळावली तर लोकांनी उठाव करावा, जुलमी अधिकाऱ्यांना दबा धरून मारावं. हे कादंबरीतलं पात्र बोलत नाही. स्वतःच्या सहीनं, गंभीरपणे, पुढच्या शतकासाठी पुरून ठेवलेलं त्याचं मनोगत आहे. १९६९मध्ये घर पाडताना ते सापडलं.

आता हे पत्र शेजारी ठेवून त्याच्या सैतानकथा ओळीनं पाहा. ‘द हाँटिंग ऑफ टोबी जग’ १९४८ची, म्हणजे पत्रानंतरच्याच वर्षातली. तिच्यात अपंग झालेल्या तरुण वैमानिकाला छळणारे सैतानपूजक आणि कम्युनिस्ट एकाच कटात आहेत, आणि मुलांना मोकळीक देणारी एक आधुनिक शाळा त्या कटाचं पीठ आहे. १९६०च्या ‘द सॅटनिस्ट’मध्ये कामगार संघटनांतला कम्युनिस्ट शिरकाव आणि काळी जादू हातात हात घालून चालतात. १९७०च्या ‘गेटवे टू हेल’मध्ये तर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या ब्लॅक पॉवर चळवळीमागेच सैतानाचे उपासक आहेत. म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन दोनच वर्षं झाली होती, अमेरिकेत माणसं समान वागणुकीसाठी रस्त्यावर होती, आणि इंग्लंडमधला सर्वांत खपाचा सैतानकथाकार वाचकाला सांगत होता की त्यांच्यामागे नरक आहे.

यातली कुठली ओळ गाळणार? डालच्या पुस्तकातून ‘लठ्ठ’ हा शब्द काढला तर गोष्ट थोडी फिकी होते, पण उभी राहते. फ्लेमिंगच्या एखाद्या प्रकरणातलं वर्णन काढलं तर बाँड पुढच्या पानावर जातोच. व्हीटलीत ही सोय नाही. ‘गेटवे टू हेल’मधले अपशब्द वेचून काढले तरी काळ्या माणसाचा हक्क म्हणजे सैतानाचं कारस्थान, हा सांगाडा तसाच राहतो. उलट अपशब्द गेल्यानं तो जास्त सभ्य दिसायला लागतो. शिवी दिसली की वाचक सावध होतो. ती काढून टाकली, तर सावध व्हायचं कारण गेलं आणि विष तेवढं राहिलं.

गुलाबी फेट्यातल्या बाबूकडे परत येते, कारण त्याच्यात मला याहून गुंतागुंतीचं काही दिसतं.

‘द डेव्हिल राइड्स आउट’मधल्या त्या भीषण रात्रीची तयारी आठवा. ड्यूक सांगतो, आज मांस नाही, मद्य नाही. खोली रिकामी करून लख्ख पुसून घेतली जाते. सगळ्यांनी आंघोळ करून स्वच्छ कपडे घालायचे. मग मंत्रानं भारलेलं मंडल आखायचं आणि पहाटेपर्यंत त्याच्या आत राहायचं. आमच्या घरात हे वाचून कुणी दचकलं नसतं. आजीनं याला सोवळं म्हटलं असतं आणि अनुष्ठान म्हटलं असतं. ड्यूक पुनर्जन्मावर बोलतो, तिबेटातल्या सिद्धांवर बोलतो, योग्यांच्या सामर्थ्यावर बोलतो. व्हीटलीचा स्वतःचाही पुनर्जन्मावर विश्वास होता. म्हणजे नायकाच्या हातातलं शस्त्र बऱ्याच अंशी पूर्वेकडून आलेलं आहे. पण ते शस्त्र चालवणारा हात फ्रेंच सरदाराचा. आणि जिथून ते आलं तिथला जिवंत माणूस पुस्तकात येतो तेव्हा तो सैतानाच्या पंगतीत, तेलकट चेहऱ्यानं, मुका बसलेला असतो.

साम्राज्य आपल्याकडे कसं पाहायचं, याचं याहून नेमकं चित्र मला मोठमोठ्या इतिहासग्रंथांतही क्वचित मिळालं आहे. ग्रंथ हवेत, ग्रंथकर्ते नकोत. योग हवा, योगी मात्र लांब डोंगरात आणि शक्यतो मेलेला असावा. नव्या आवृत्तीतून बाबूला काढून टाकलं की ड्यूकची पूर्वेवरची श्रद्धा निखळ, उदार वाटू लागेल. जो विरोध वाचकाला दिसायला हवा तोच अदृश्य होईल. बाबूचा अपमान पुसला जाणार नाही, अपमानाचा पुरावा पुसला जाईल.

आणि व्हीटली एकरंगी नाही, हेही त्या न गाळलेल्या पुस्तकातच कळतं. ज्याच्यासाठी हे सगळे मित्र जिवावर उदार होतात तो सायमन ॲरन ज्यू आहे. हिटलर सत्तेवर येऊन दीडेक वर्ष झालं असताना, इंग्लंडच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत ज्यूंबद्दल वाटेल ते बोललं जात असताना, या माणसानं एका ज्यूला नायकांच्या चौकडीत बसवलं आणि त्याच्यावर मनापासून माया केली. त्याच सायमनच्या रक्षणासाठी ड्यूक त्याच्या गळ्यात काय घालतो? स्वस्तिक. रेक्स बिचकतो की ज्यूच्या गळ्यात नाझींचं चिन्ह कसलं घालतोस? ड्यूक त्याला सांगतो की दृष्टी जरा मोठी कर, हे जगातलं फार जुनं, ज्ञानाचं आणि मांगल्याचं चिन्ह आहे.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फक्त आनंद झाला होता. दिवाळीला उंबऱ्यावर कुंकवानं काढतो ते आमचं स्वस्तिक, आणि लंडनचा ड्यूक त्याची बाजू घेतोय! चाळीस वर्षांनी वाचताना घसा दाटून आला. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा त्या चिन्हाखाली काय घडणार आहे हे लेखकाला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक आहे. आजचा एखादा काळजीवाहू संपादक हा प्रसंग नक्की उडवेल. ज्यू वाचकाला त्रास होईल म्हणून उडवेल, हेतू चांगलाच असेल. पण मग १९३४मध्ये हे चिन्ह अजून दोन अर्थांच्या मध्ये लोंबकळत होतं, हे कुठल्या पुस्तकात वाचायचं? ज्यूबद्दल माया आणि हिंदुस्थान्याबद्दल किळस एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी राहू शकते, हे कुठे शिकायचं? माणसांच्या पूर्वग्रहांना गणिताची शिस्त नसते, हे मला तरी याच पुस्तकानं शिकवलं.

गाळावं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. ते विचारतात, मजेसाठी हातात घेतलेल्या पुस्तकात एखाद्या मुलीला आपल्या कातडीबद्दल घाण वाचायला का लागावी? प्रश्न खरा आहे. मीच ती मुलगी होते. आणि सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती जाणाऱ्या पुस्तकाबद्दल मी इतकी ठाम राहणारही नाही. लहान मूल समासात रेघ ओढू शकत नाही. शिवाय लेखकांनी स्वतः बदल केल्याचे दाखलेही आहेत. फ्लेमिंगनं आपल्या दुसऱ्या पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीत काही मजकूर बदलायला जिवंतपणी संमती दिली होती. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९च्या एका कादंबरीचं शीर्षकच इतकं अपमानकारक होतं की अमेरिकेत ते पुढच्याच वर्षी बदलून छापलं गेलं. लेखक जिवंत असताना, त्याच्या संमतीनं झालेला बदल हा त्या पुस्तकाच्या इतिहासाचा भाग असतो. मेलेल्या लेखकाच्या तोंडात आपण आपले शब्द घालणं वेगळं. तिथे आपण त्याला आहे त्याहून चांगला माणूस करून विकतो. व्हीटलीला माझ्या भाचीपुढे चांगला माणूस म्हणून उभं करण्याचा अधिकार कुणाला आहे? तसं केल्यानं त्याची पुस्तकं खपत राहतील, हा फायदा प्रकाशकाचा. वाचकाचा नाही.

सिनेमावाल्यांनी, नाटकवाल्यांनी, रूपांतरकारांनी जे करायचं ते करावं. हॅमरनं केलं. रूपांतर म्हणजे नवं घर, त्याच्या भिंती कुठेही हलवा, नावानिशी हलवा. माझा आक्षेप फक्त जुन्याच मुखपृष्ठाखाली, जुन्याच नावानं, आतून बदललेलं पुस्तक विकण्याला आहे.

इथे आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आक्षेपार्ह शब्द शोधणाऱ्यांच्या नजरेतून ती हमखास सुटते. व्हीटलीच्या पुस्तकातला सर्वांत धोकादायक मजकूर वंशाबद्दलचा नाहीच. तो आहे ‘द डेव्हिल राइड्स आउट’च्या आरंभीचं लेखकाचं निवेदन. त्यात तो सांगतो की मी स्वतः कधी काळ्या किंवा पांढऱ्या जादूच्या विधीत भाग घेतलेला नाही. पण अभ्यासासाठी जाणकारांना भेटलो आहे, लंडनमध्ये आणि इतर शहरांत या गोष्टी आजही चालतात याचे पुरावे मला मिळाले आहेत, आणि वाचकहो, यापासून लांब राहा, धोका खरा आहे. भाषा अत्यंत सभ्य आहे. त्यात कुणाला शिवी नाही, कुणाचा रंग नाही. कुठलाही संपादक त्यावर लाल शाई चालवणार नाही.

हे निवेदन किती कसबी आहे ते समजायला त्याचं पुढचं आयुष्य पाहावं. दुसऱ्या महायुद्धात व्हीटली ब्रिटिश युद्धयंत्रणेच्या त्या छोट्या विभागात होता ज्याचं कामच शत्रूला चकवणं होतं. लंडन कंट्रोलिंग सेक्शन त्याचं नाव. हल्ला इथे होणार नाही, तिथे होणार, असं जर्मन सेनापतींच्या मनात भरवायचं. त्या कामाचा मूळ नियम असा की खोटी गोष्ट एकटी सोडायची नाही. तिच्याभोवती पडताळून पाहता येतील अशा खऱ्या गोष्टींची रास रचायची. व्हीटली या कामाला तिथे जाण्याआधीच तयार होता. त्याच्या कादंबरीत रस्ते खरे असतात, मोटारींची नावं खरी, दारूची सालं खरी, ग्रंथांची नावं खरी. मग सैतानही खरा वाटतो. कादंबरीत ही कला आहे. निवेदनात, कादंबरीच्या उंबऱ्याबाहेर, लेखकाच्या सहीनं तीच गोष्ट आली की ती कला राहत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटिश वर्तमानपत्रं काळ्या जादूवर लिहायची तेव्हा व्हीटलीचं मत मागायची. त्याच्या नावानं गूढविद्येच्या पुस्तकांची ४५ खंडांची माला निघाली. झगे, उलटा क्रूस, वेदीवरची मुलगी, समाजातल्या प्रतिष्ठितांचा गुप्त पंथ, हे चित्र इंग्लंडच्या घराघरांत पोचवण्यात त्याच्याइतका वाटा क्वचितच कुणाचा असेल. पुढे १९९०मध्ये रॉचडेलमधून आणि १९९१मध्ये ऑर्कनी बेटांवरून मुलांना त्यांच्या घरांतून उचलण्यात आलं. ऑर्कनीत नऊ मुलं होती. संशय असा की सैतानी विधींत त्यांचा छळ होतो आहे. ऑर्कनीची मुलं घरी परतली. सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ जीन ला फाँटेन यांना या प्रकारांचा अभ्यास करायला सांगितलं. १९९४च्या त्यांच्या अहवालात ८४ प्रकरणं तपासलेली होती. सैतानपूजेचा पुरावा एकाही प्रकरणात मिळाला नाही. हे व्हीटलीमुळे झालं असं मी म्हणत नाही. अमेरिकेतून आलेल्या प्रचाराचा त्यात मोठा हात होता. पण ज्या समाजकार्यकर्त्यांना आणि पोलिसांना ते आरोप ऐकताक्षणी शक्य वाटले, ते व्हीटलीच्या पेपरबॅकांच्या काळात वाढलेले होते.

आपण महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी तरी हे लगेच ओळखायला हवं. करणी केली म्हणून, भुताळी म्हणून माणसं मारली गेलेली आपण वाचली आहेत. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्या कायद्यासाठी ते अठरा वर्षं झगडले तो पाहायला ते उरले नाहीत. इथे ‘हे सारं खरं आहे’ असं सहीनिशी लिहिणं ही केवळ वाचकाला गुदगुल्या करणारी युक्ती नाही. भूत लिहा, मी आवडीनं वाचेन. भुताचा दाखला देऊ नका.

मग त्या निवेदनाचंही काय करायचं? काढायचं? नाही. ते तर सर्वांत आधी ठेवावं, पण एकटं ठेवू नये. त्याच्या आधी दहा-बारा पानांची प्रस्तावना हवी, आणि ती कुटुंबातल्या माणसाची किंवा भक्ताची नको. तिच्यात ते १९४७चं पत्र असावं. धंदा बुडालेल्या दारू-व्यापाऱ्याची हकिगत असावी. ऑर्कनीची मुलं असावीत. कुठल्या पुस्तकाचं सैतानी कारस्थान कुठल्या साली, कुठल्या संपाच्या किंवा चळवळीच्या बातमीशेजारी छापलं गेलं ते सांगितलेलं असावं. ‘काही वाचकांना हा मजकूर क्लेशकारक वाटू शकतो’ हे छापील वाक्य मला पुरेसं वाटत नाही. ते गोळीच्या पाकिटावरच्या बारीक अक्षरांसारखं आहे, कुणी वाचत नाही. वाचकाला इशारा देऊन थांबू नका, त्याला माहिती द्या. आणि अशी प्रस्तावना लिहायला मुंबई, लागोस किंवा किंग्स्टनमध्ये वाढलेला कुणी बोलवावा, ज्यानं ही पुस्तकं पांघरुणात टॉर्च लावून वाचली आहेत आणि ज्याला त्या पंगतीत आपली जागा सापडली आहे. व्हीटलीच्या वाचकांत आम्हीही होतो. जिथे जिथे इंग्रजी पेपरबॅक पोचलं तिथे तिथे आम्ही होतो. ‘वाचकाला दुखेल’ म्हणून गाळायचं ठरवताना आम्हाला कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते पुस्तक माझ्याकडे आहे, शिवण उसवली आहे, पानं तांबूस झाली आहेत. भाचीनं फोनवरच्या व्हीटलीची पहिली तीन प्रकरणं एका बैठकीत संपवली आणि मेजवानीच्या प्रसंगावर येऊन तिनं मला रात्री साडेअकराला फोन केला. “मावशी, हा बाबू कोण?” मी तिला म्हटलं, रविवारी ये, मामाआजोबांची प्रत दाखवते. रेघ अजून पुसट झालेली नाही.